टबाखालची पोकळी

सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीच्या काठी आमचा ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, उभा असताना, सासूबाई आंघोळीला बसल्या आणि पाचच मिनिटांत न्हाणीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक धार स्वयंपाकाच्या कट्ट्याकडे सरकू लागली. बादली कलंडलेली नव्हती, टबाच्या जाळीतून पाणी व्यवस्थित खाली जात होते, आणि तरीही तळाची फळी ओली होत होती. बाहेर घोड्यांचा बाजार भरात आला होता आणि मी आत गुडघे टेकून टबाच्या कडेने बोटे फिरवत होते. गळती कोठून आहे हे समजायला मला फार वेळ लागला नाही, कारण त्याच टबाला सात महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या हाताने रंग दिला होता, आणि ज्या चार ठिकाणी त्या रंगाचे पोपडे निघाले होते त्याच चार ठिकाणी आता केसासारख्या भेगा दिसत होत्या.

हा ट्रेलर मूळचा अमेरिकेतला. मुंबईतील एका गृहस्थांनी तो तिकडून आणवला होता, आणि भुसावळच्या रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी २०१८ साली तो त्यांच्याकडून विकत घेतला. तिकडच्या लहान ट्रेलरांमध्ये २४ इंच रुंद आणि ३६ इंच लांब असा छोटा टब सर्रास बसवतात. घरातील नेहमीचा टब ५ फुटांचा असतो. त्यात माणूस आडवे होते. ट्रेलरमधला टब त्यासाठी नसतोच. उभ्याने आंघोळ करताना पाणी बाहेर उडू नये आणि लहान मुलाला त्यात बसवून न्हाऊ घालता यावे, एवढेच त्याचे काम. आमच्या घरी तर त्याचा उपयोग आणखी साधा झाला. टबात प्लास्टिकचे एक स्टूल ठेवायचे, शेजारी बादली आणि तांब्या ठेवायचा आणि बसून आंघोळ करायची. गुडघेदुखीमुळे सासूबाईंना उभे राहवत नाही, आणि टबाच्या उंच कडेमुळे कितीही पाणी ओतले तरी ते आतच राहते. म्हणून खानदेशात ज्याला कोणी हसेल असा तो टब आमच्या फार उपयोगाचा ठरला.

असले टब एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात. पत्रा तापवून मऊ करायचा आणि हवा खेचून घेऊन तो साच्यावर ओढायचा, अशी ती पद्धत आहे. त्यामुळे टब हलका होतो, रस्त्यावरचे दणके सोसतो आणि स्वस्तही पडतो. परंतु पत्रा जिथे जास्त ताणला जातो तिथे, म्हणजे तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यांत, तो सर्वांत पातळ राहतो. शिवाय एबीएसमधील ब्युटाडाइन या घटकाला ऊन सोसत नाही. आमच्या टबाच्या वर छतात एक पारदर्शक घुमट आहे, आणि वर्षातले आठ महिने ट्रेलर जळगावच्या अंगणात उभा असतो. तेव्हा टब पिवळा पडणे आणि त्याचा चिवटपणा जाणे हे ठरलेलेच होते. मी बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. हे सारे मला माहीत होते. पुढे मी जे केले ते या पार्श्वभूमीवर वाचावे.

मागच्या मे महिन्यात मी टबासाठी दोन भागांचा इपॉक्सी रंग आणला, म्हणजे रंग आणि तो घट्ट करणारा हार्डनर ऐनवेळी एकत्र कालवायचा असा. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने टब घासला, कडेची फट बुजवणारे जुने सिलिकॉन सुरीने खरवडून काढले, आणि शेवटी पृष्ठभाग स्वच्छ व्हावा म्हणून रंगाच्या दुकानातल्या साध्या थिनरमध्ये फडके बुडवून ते सगळीकडे फिरवले. त्या थिनरमध्ये ॲसिटोन आणि तत्सम द्रावके असतात, आणि ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळते हे मी कितीतरी मुलांना सांगितलेले आहे. फडके किंचित चिकट लागले तेव्हा मला वाटले की जुना मळ निघतो आहे. वस्तुतः टबाचा वरचा थरच मऊ होत होता. जुन्या, ताण साठलेल्या प्लास्टिकला असे द्रावक लागले की त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा पडतात आणि पुढे भार आला की त्याच उघडतात. तेथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायला हवे होते.

दुसरी चूक वेळेची. डब्यावर लिहिले होते की २५ अंश तापमानाला मिश्रण ४५ मिनिटे वापरता येईल. त्या दिवशी आमच्याकडे पारा ४४ अंशांवर होता, आणि मी दुपारी रंग कालवला. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे माझ्या हातात जेमतेम बारा मिनिटे होती. अर्धा टब होईपर्यंत रंग काकवीसारखा दाट झाला आणि उरलेल्या अर्ध्यावर ब्रशाच्या रेघा उमटल्या. जिथे सिलिकॉनचा अंश राहिला होता तिथे रंग धरेचना. तो बाजूला सरकून गोल गोल खळगे पडले. सिलिकॉन नुसते खरवडून जात नाही, त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो, आणि त्यावर जगातला कोणताही रंग टिकत नाही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंगाचा विचार मी आधीच सोडला होता, कारण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वसनाला घातक असतात आणि आठ फुटांच्या बंद जागेत, साध्या मुखपट्टीच्या भरवशावर, तो फवारणे म्हणजे स्वतःहून दमा विकत घेणे. तेवढी एक बुद्धी शाबूत होती.

तरीही रंग सुकल्यावर टब पांढराशुभ्र दिसला आणि मी आठवडाभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. पावसाळ्यात पहिला पोपडा निघाला. सासूबाई तो बोटात धरून म्हणाल्या, “भिंतीला पोपडे आले की आम्ही आधी ओल शोधायचो, मग चुना लावायचो.” मी त्यावर काही बोलले नाही. पोपडे जिथे निघाले होते त्या चार जागा स्टुलाच्या चार पायांच्या होत्या, हे माझ्या लक्षात आले होते; पण त्याचा अर्थ मी असा लावला की पाय घासून रंग गेला. म्हणून स्टुलाच्या पायांना रबरी टोप्या घातल्या आणि प्रश्न सुटला असे समजले.

सारंगखेड्याहून परतल्यावर ह्यांनी टब काढायचाच असे ठरवले. तो काढणे हेही एक दिव्यच होते. ट्रेलर बांधताना आधी टब बसवतात आणि मग भोवतीचे पातळ तक्ते उभे करतात, त्यामुळे टबाची वरची कड तक्त्यांच्या मागे दडलेली असते. चारही बाजूंनी कडेच्या वर तीन इंचांवर तक्ते कापावे लागले, कडेचे स्क्रू काढावे लागले, आणि खालच्या झडपेतून हात घालून वेस्ट कपलिंगची, म्हणजे टबाच्या जाळीखालच्या जोडाची, नट सोडवावी लागली. टब उभा करून बाहेर आणला आणि आम्ही दोघेही त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो.

टबाखाली काहीच नव्हते. मधोमध फोमचा एक वाळलेला गोळा आणि एका कडेला लाकडाची एक पट्टी, एवढ्या आधारावर तो तळ तरंगत होता. त्याखालचे प्लायवूड काळे पडून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते, म्हणजे गळती सारंगखेड्याच्या कितीतरी आधीची होती. ह्यांनी टब अंगणात दोन विटांवर ठेवून तळावर अंगठा दाबला, तर तो अर्धा सेंटिमीटर सहज खाली गेला आणि टक् असा आवाज करून परत वर आला. मग मी हिशोब मांडला. सासूबाईंचे वजन ५८ किलो. स्टुलाचा प्रत्येक पाय सुमारे दोन सेंटिमीटर चौरस, म्हणजे चार पायांचे मिळून १६ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोहून जास्त भार. तेच माणूस अनवाणी उभे राहिले तर दोन्ही तळव्यांखाली त्याच्या दशांशही भार येत नाही. टब करणाऱ्यांनी तो तळव्यांसाठी केला होता. आम्ही त्यावर चार खुंट्या उभ्या केल्या होत्या, तळाखाली पोकळी होती, आणि प्रत्येक आंघोळीला तो तळ तेवढ्याच जागी वाकत होता. वाकणाऱ्या पृष्ठभागावर कडक इपॉक्सीचा पापुद्रा टिकणार कसा? तो मी जगातल्या उत्तम कारागिराकडून लावून घेतला असता तरी त्याच जागी फुटला असता.

पहिला विचार टब सांधण्याचा होता. जळगाव हे प्लास्टिकचे गाव आहे; येथल्या एमआयडीसीत चटयांचे कारखाने आहेत, पाइप आहेत, जुन्या प्लास्टिकचा दाणा करणारे आहेत. तेथे गरम हवेच्या बंदुकीने टाक्या आणि क्रेट सांधून देणाऱ्या एका कारागिराने टब पाहिला आणि लगेच काम सुरू केले. सांधण्यासाठीची त्याची प्लास्टिकची काडी टबावर वितळली, बसली, आणि गार झाल्यावर नखाने अख्खी उचलून आली. दोघेही गोंधळलो. मग मी टबाच्या कडेचा कापलेला तुकडा आणि त्याच्या काडीचा तुकडा पाण्याच्या तांब्यात टाकला. टबाचा तुकडा बुडाला, काडी तरंगली. त्याची काडी पॉलिप्रॉपिलीनची होती, ज्याच्या चटया होतात; ते पाण्यापेक्षा हलके असते. एबीएस पाण्यापेक्षा किंचित जड असते, आणि ही दोन प्लास्टिके एकमेकांत मिसळत नाहीत. हे ज्ञान मला एवढ्या महिन्यांत प्रथमच वेळेवर आठवले होते, म्हणून ते येथे लिहिण्याचा मोह आवरत नाही.

एबीएसच्या चुऱ्याला ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची लापशीसारखी लुकण करता येते आणि ती केसभेगांत चांगली मुरते. टबाच्या कापलेल्या पट्ट्यांचीच लुकण करून मी दोन भेगा भरल्या आणि त्या खरोखर घट्ट झाल्या. ज्यांच्या टबाला एखाददुसरी भेग आहे आणि प्लास्टिक अजून चिवट आहे, त्यांनी हा उपाय जरूर करावा. मागून फायबरचे दोन थर इपॉक्सीत बसवावेत आणि तळाखाली भक्कम आधार द्यावा. आमचा टब मात्र त्यापलीकडे गेला होता. एक भेग भरली की तिच्या शेजारी दुसरी दिसे.

नवा टब बाजारात मिळाला नाही. सॅनिटरीच्या दुकानांत मला दिसलेला सर्वांत लहान टब ४ फुटांचा होता आणि तो ट्रेलरच्या दारातूनही गेला नसता. शेवटी एरंडोलच्या बाजूला फायबरचे काम करणाऱ्या एका भाऊंकडे आम्ही टब घेऊन गेलो. ते बसचे दर्शनी भाग करतात, शेतांसाठी टाक्या करतात, आणि मिरवणुकांसाठी हत्ती-घोडेही करतात. त्यांनी टब उलटा केला, अंगठ्याने दाबला आणि माझ्या रंगाकडे पाहून म्हणाले, “ताई, हाऊ टब खालथून हालस, वरथून रंग लाईसन काय व्हई?” सासूबाई गाडीत बसल्या होत्या, त्यांनी काच खाली करून माझ्याकडे पाहिले.

भाऊंनी जुन्या टबाचाच साचा करायचे ठरवले, आणि ते काम मी तीन दिवस सलग पाहिले. टबाचा जो भाग आपल्याला गुळगुळीत हवा असतो तो आतला. म्हणून आधी जुन्या टबाच्या आतून त्याचा ठसा घ्यायचा, तो ठसा उपडा ठेवायचा, आणि त्या उंचवट्यावर नवा टब घडवायचा. भेगा आणि माझ्या रंगाचे खळगे त्यांनी पुट्टीने भरून घासले, मेणाचे सहा हात दिले, त्यावर पीव्हीए नावाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याचा पातळ पापुद्रा फवारला, म्हणजे रेझिन, म्हणजे काचतंतूंना बांधून घट्ट होणारे चिकट द्रव्य, टबाला चिकटणार नाही. ठसा निघाल्यावर त्यालाही पुन्हा मेण आणि पापुद्रा. मग जेलकोट, म्हणजे टबाची जी बाजू आपल्याला दिसते ती, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची. ती बोटाला चिकट लागते पण बोटावर येत नाही, अशा वेळी त्यावर काचतंतूंच्या मॅटचा पहिला थर. मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅमची, एकूण तीन थर, आणि प्रत्येक थर रोलर फिरवून आतली हवा काढूनच पुढे जायचे. कारण हवेचा बुडबुडा राहिला तर तेथे पुढे पोकळ फोड येतो. तळाला त्यांनी दोन थर जास्त दिले आणि त्यांच्या मध्ये १२ मिलिमीटरचे मरीन प्लायवूड बंद करून टाकले. चारही कोपऱ्यांत मॅटच्या अरुंद पट्ट्या वेगळ्या बसवल्या. जुना टब जिथे सर्वांत पातळ होता तिथे नवा सर्वांत जाड झाला.

उन्हाची त्यांना माझ्यापेक्षा चांगली जाण होती. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर साधारणपणे एक ते दोन टक्के घालतात. भाऊ एक टक्क्यावर थांबले आणि सगळे काम पहाटे साडेपाच ते आठ या वेळात केले. आठनंतर डबा झाकून ते सरळ शेतावर निघून जात. रेझिनला स्टायरिनचा उग्र वास असतो. तो जावा म्हणून तयार टब त्यांनी आठ दिवस उन्हाने तापणाऱ्या शेडमध्ये ठेवला. उष्णतेने रेझिन अधिक पक्के होते. इतर ठिकाणी त्यासाठी तापवलेली खोली लागते, आमच्याकडे पत्र्याची शेड पुरली.

साच्यावरून टब सुटायला मात्र तयार नव्हता. रेझिन सुकताना आकसते आणि उंचवट्याला घट्ट आवळते. कडेला लाकडी पाचरी ठोकून, फटीत पाणी सोडून, हातोडीने हळूहळू ठोकत दीड तास गेला, आणि मग तो एकदम असा सुटला की धरणारे दोघे मागे बसले. वजन केले तर साडेबारा किलो भरले. जुना टब पाच किलोंचा होता. आतले माप तंतोतंत जुळले, पण भिंती जाड झाल्यामुळे बाहेरचे माप दोन्ही अंगांनी वाढले होते आणि ट्रेलरच्या खोबणीत तो चार मिलिमीटरसाठी अडला. ह्यांनी एका बाजूची लाकडी पट्टी रंध्याने तासली.

तळाचे कुजलेले प्लायवूड काढून तेथेही मरीन प्लायवूड बसवले आणि टबाच्या तळाला टेकतील अशा चार आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या. उरलेल्या पोकळीत डब्यातला पीयू फोम भरला. हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो आणि आमच्याकडची हवा फेब्रुवारीतच कोरडी असते, म्हणून आधी सगळीकडे पाण्याचा हलका फवारा दिला. फोम फुगताना टबाला वर उचलतो, हे ठाऊक असल्यामुळे टबात ७० लिटर पाणी भरून ठेवले; म्हणजे ७० किलो वजन, रात्रभर. तेच पाणी सिलिकॉनच्या वेळीही उपयोगी पडले. रिकाम्या टबाच्या कडेने सिलिकॉन भरले तर पुढे माणूस बसल्यावर टब किंचित खाली जातो आणि सांधा उघडतो. भरलेल्या टबाची फट आधीच उघडलेली असते. ती तेव्हाच बुजवावी आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडावे.

नळीपाशी पुन्हा एकदा अडलो. पाइपांच्या गावात राहून पाइप चुकीचा आणला. ट्रेलरचा सांडपाण्याचा पाइप अमेरिकी मापाचा, दीड इंची म्हणवला जाणारा. त्याचा बाहेरचा व्यास ४८.२६ मिलिमीटर असतो. ह्यांनी शेतीच्या पीव्हीसी पाइपाचे जोड आणले, आणि त्यात माप बाहेरच्या व्यासाने सांगतात, त्यामुळे जवळचे माप ५० मिलिमीटरचे. जवळजवळ दोन मिलिमीटरची ती फट सोल्युशनने भरून निघेल असे ह्यांचे मत होते आणि ते मत बदलायला एक संध्याकाळ लागली. घरातल्या प्लंबिंगसाठी जे यूपीव्हीसी पाइप इंचांच्या मापात मिळतात त्यांचा दीड इंची जोड मात्र चपखल बसला. तो कोपऱ्यावरच्या दुकानात होता.

आता टबात स्टूल नाही. ह्यांनी सागवानी पट्ट्यांचा, तळभर बसेल असा एक पाट केला आहे आणि त्यावर बुटके चौरंगासारखे बसायचे आसन आहे, ज्याच्या पायांऐवजी दोन लांब आडव्या पट्ट्या आहेत. आमच्या बोअरच्या जड पाण्याने पांढरे डाग पडतातच. त्यांच्यासाठी मी गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून दहा मिनिटे ठेवते आणि मऊ फडक्याने पुसते. भांडी घासायची पूड आणि तारेची घासणी न्हाणीतून हद्दपार केली आहे, कारण जेलकोटचा तो अर्धा मिलिमीटर एकदा खरवडला की परत येत नाही. छतातल्या घुमटावर ट्रेलर उभा असताना जाड कापड टाकतो. तोरणमाळच्या घाटात आणि यंदा अक्षय्यतृतीयेला पाटणादेवीला जाऊन आलो. दोन्ही वेळा परतल्यावर ह्यांनी झडपेतून हात घालून टबाखालची फळी चाचपली आणि ती कोरडी होती.

जुना टब अंगणात आहे, त्यात पुदिना लावला आहे. साचा भाऊंकडेच राहिला. तीन जिल्ह्यांत त्या मापाचा टब दुसऱ्या कोणाला लागणार नाही, म्हणून तो मोडून टाका असे मी त्यांना फोनवर सांगितले. त्यांनी नाही म्हटले. त्यांच्या मेहुण्याच्या शेळ्यांसाठी त्यावरून पाण्याच्या दोन डोण्या त्यांनी आधीच करून दिल्या होत्या आणि तिसरीची मागणी आली होती.